चौकट सागवानी की लोखंडी?

घराचं बांधकाम चौकटीपाशी अडलं असेल, तर आधी उधईचा, म्हणजे वाळवीचा विचार करा. सागाच्या तेलकट गाभ्याला ती सहसा लागत नाही. कडेचा फिकट पट्टा मात्र पोखरतेच. दुकानदाराने सागासाठी नावाजलेल्या बल्लारशाचा माल सांगितला तरी चारही बाजू उजेडात पाहा. लाकूड वाळलेलंच घ्या, आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात ओली चौकट पिळते आणि दार लागत नाही.

लोखंड बरंच स्वस्त, उधईची भीती नाही. पण फरशी धुतल्याचं पाणी मुरतं तिथे, पायाशीच ते गंजतं. बसवण्याआधी आतूनही रेड ऑक्साइडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल रंगाचे दोन हात द्या.

समोरच्या दाराला सागच हवा. खिडक्या, गोठा, कमी बजेट असेल तर लोखंड. न्हाणीघराला दोन्ही नको, ग्रॅनाइट बसवा.