साइड इमेजिंग सोनार खाडीत वापरून बघितला, ऑटोवर ठेवू नका

बेलापूरला दिवाळे गावात राहतो, काकांच्या फायबर होडीवर गणपतीनंतर ७ इंची साइड इमेजिंग सोनार बसवला, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. कंपनी कुठली ते लिहीत नाही कारण हमिनबर्डवाले साइड इमेजिंग म्हणतात, लोरन्सवाले साइडस्कॅन, गार्मिनवाले साइडव्ह्यू, सेटिंगचा खेळ सगळीकडे तोच.

पहिले पंधरा दिवस पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. ऑटोवर ठेवलं की स्क्रीनभर नुसता तपकिरी गाळ, आणि काका म्हणायचे अरे यापेक्षा माझा बांबू बरा, निदान तळ किती खाली आहे ते तरी सांगतो.

मुख्य घोळ रेंजचा होता, म्हणजे यंत्र बाजूला किती लांबपर्यंत बघतं त्याचा. दोन्ही बाजूला १५०-१५० फूट लावलेले आणि खाली पाणी जेमतेम २० फूट, मग मासा दिसणार कसा, टाचणीच्या टोकाएवढा होतो. आता ६०-७० फुटांवर ठेवतो, म्हणजे खोलीच्या तिप्पट धरायचं साधारण. आपल्याकडे उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी ४ मीटरच्या वर चढतं त्यामुळे सकाळची रेंज दुपारी चालत नाही, हे लक्षात ठेवा. आवाजाची फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ लावली की लांबचं दिसतं पण पुसट, ८०० ला जवळचं स्वच्छ. १२०० वालं अजून बारीक दाखवतं पण खाऱ्या पाण्यात लांब पोचत नाही, त्यामुळे मी बहुतेक वेळ ८०० वरच असतो.

स्क्रोल स्पीड, म्हणजे स्क्रीनवर चित्र सरकण्याचा वेग, होडीच्या वेगाशी जुळवायचा. इंजिनाच्या आवाजावर जाऊ नका, जीपीएसचा वेग बघा, कारण ओहोटीच्या ओढीविरुद्ध जाताना इंजिन तेवढंच ओरडतं आणि होडी मात्र निम्मीच सरकते, मग सगळं लांबट ताणलेलं दिसतं. मी ताशी ५-६ किलोमीटर ठेवतो आणि सरळ रेषेत जातो, वळलात की चित्र फिसकटलंच. सेन्सिटिव्हिटी वाढवत न्यायची, मधल्या काळ्या पट्ट्यात (ते होडीखालचं पाणी) ठिपके उडायला लागले की दोन घर मागे यायचं. ओहोटीला पाणी गढूळ असतं तेव्हा अजून एक घर कमी. रंग मला तरी अंबरच बरा वाटतो, दुपारच्या उन्हात निळा दिसतच नाही.

आणि सावली, म्हणजे वस्तूच्या आड आवाज पोचत नाही तिथला काळा भाग, बघायला शिका, खरी माहिती तिथेच आहे! वाशी पुलाच्या अलीकडे एका जागी काकांचं जाळं दरवर्षी फाटायचं, सगळे म्हणायचे खडक असेल. ८०० वर ६० फूट लावून हळू गेलो तर तळावर बोटभर पांढरी रेघ आणि तिच्यामागे तिच्या चौपट लांब काळी सावली. सावली एवढी लांब म्हणजे वस्तू तळावर उभी आहे, जुन्या डोलीचा (डोल जाळं बांधायचा) तुटका खुंट तो. काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. त्याच फेरीत खांबाजवळ तीन पांढरे ठिपके दिसले आणि त्यांच्या सावल्या त्यांच्यापासून सुटलेल्या, म्हणजे मासे तळापासून वर होते. जिताडा असेल म्हणून गळ टाकला, निघाला शिंगाळा. जात कुठली ते हे मशीन सांगत नाही, दुकानदार काहीही सांगो.

बसवणाऱ्याने ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा भाग, आधी इंजिनाच्या पंख्याच्या अगदी शेजारी लावला होता, फेसामुळे डावी बाजू कायम आंधळी. एक वीत बाजूला घेऊन लेव्हलमध्ये बसवला तेव्हा कुठे दोन्ही बाजू सारख्या आल्या. किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांनी मात्र घेऊ नका, होडी चालल्याशिवाय चित्र बनतच नाही. त्या खुंटावर जीपीएसची खूण करून ठेवली आहे, तिथे आता जाळं टाकत नाही.