क्रेप मर्टलचे रोप : फुलांसाठी आणले, सालीमुळे आवडले

रोपवाटिकेतून क्रेप मर्टलचे रोप आणले तेव्हा डोळ्यांसमोर फक्त त्याचा गुलाबी फुलोरा होता. सहा वर्षांनंतर मात्र मला त्याचे खोड अधिक मोलाचे वाटते. जुनी साल पातळ पापुद्र्यांनी सुटत जाते आणि खालचा गुळगुळीत, करडा-बदामी बुंधा उघडा पडतो. त्यामुळे पानगळ झाल्यावरही हे झाड पाहत राहावेसे वाटते.

फुलोराही निराश करत नाही. प्रत्येक फुलात बहुधा सहा पाकळ्या असतात आणि देठासारख्या अरुंद बुडावर तोललेली प्रत्येक पाकळी क्रेपच्या कापडासारखी चुरगळलेली असते. नाव त्यावरूनच पडले. मधोमध पिवळ्या परागकोशांचा झुबका आणि त्याबाहेर सहा लांब, वाकलेले पुंकेसर दिसतात. या फुलात मध नसतो. आखूड पुंकेसरांचे पिवळे पराग मधमाश्यांना खाद्य म्हणून मिळतात, तर बीजधारणेचे काम मुख्यतः लांब पुंकेसरांचे पराग करतात. ही कामाची वाटणी एकदा तरी भिंगातून अवश्य पाहावी. पुढे सहा शकलांनी उकलणारी बोंडे धरतात आणि त्यांतून पंख असलेल्या बिया बाहेर पडतात.

हे झाड मेंदी-डाळिंबाच्या कुळातले आणि ताम्हणाचे जवळचे नातलग आहे. शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असले, तरी ते मूळचे प्रामुख्याने पूर्व आशियातले मानले जाते.

माझी तक्रार रोपाच्या चिठ्ठीबद्दल आहे, कारण तिच्यावर वाणाचे नावच नव्हते. बुटके वाण मीटरभर उंचीवर थांबतात, तर 1978 साली प्रसारित झालेला पांढऱ्या फुलांचा ‘नॅचेझ’ सहा मीटरच्याही वर जातो. तेव्हा नाव न कळता जागा ठरवायची कशी? शिवाय ‘नॅचेझ’सारखे जे वाण जपानी फाउरिई जातीशी संकर करून तयार झाले, ते भुरी रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. माझ्या रोपावर अर्धवट सावलीत दोन वर्षे भुरी आली आणि पूर्ण उन्हात हलवल्यावर ती जवळजवळ थांबली.

फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांवर येत असल्याने हिवाळा सरताना हलकी छाटणी चालते. जाड फांद्या मात्र मध्येच तोडू नयेत. मी एकदा तसे केले, तेव्हा तिथून निघालेले लांब, कमकुवत फुटवे फुलांच्या भाराने वाकले, आणि त्या जागी धरलेल्या गाठी एरवी सुंदर असलेल्या त्या बुंध्यावर आजही दिसतात.