क्लिपर शर्यत: एकच टप्पा की पूर्ण पृथ्वीप्रदक्षिणा?

ब्रिटिश खलाशी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या क्लिपर या शिडाच्या बोटींच्या पृथ्वीप्रदक्षिणा शर्यतीत नोकरदार, गृहिणी, निवृत्त अशी हौशी माणसं पैसे भरून खलाशी होतात. बोटी सगळ्या सारख्या, 70 फुटी. सुमारे 40,000 सागरी मैल, आठ टप्पे, जवळजवळ 11 महिने. हवं तर पूर्ण फेरी करा, हवं तर एखादाच टप्पा. प्रशिक्षणाच्या चार पायऱ्या दोघांनाही सक्तीच्या आहेत, त्यामुळे तयारी वाचेल या हिशेबाने एक टप्पा घेऊ नका.

खरा फरक झोपेत आहे. दिवसा सहा तासांच्या आणि रात्री चार तासांच्या पाळ्या असतात. तुम्ही उठून गेलात की त्याच बिछान्यात दुसरा झोपतो. बोट कललेली, कपडे ओले, आणि तशात पाळीसाठी तयार होण्यातच झोपेतला वेळ जातो. एका टप्प्यात पहिले काही दिवस शरीर नुसतं झगडतं. कुठे रुळतोय म्हणेपर्यंत बंदर येतं. पूर्ण फेरीत ही लय अंगवळणी पडते, पण थकवा साचत जातो. बंदरातही विश्रांती थोडीच. शिडं शिवायची, बोट धुवायची, पुढचा शिधा भरायचा. शिवाय आळीपाळीने अख्ख्या चमूचा स्वयंपाक. झुलत्या शेगडीवर वीसेक माणसांचं जेवण करणं हे वादळात शीड उतरवण्याइतकंच कठीण काम आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

माणसांचा प्रश्नही आहेच. एका टप्प्यासाठी येणारा आधीच घट्ट झालेल्या घरात नवखा असतो. पूर्ण फेरीवाल्याला दर बंदरात नवे चेहरे स्वीकारून दोर न् गाठी पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्या लागतात. हा संयम नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. एकांत हवा असणाऱ्यांसाठी ही शर्यतच नव्हे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. ती वाट अगदी वेगळी.

धोका दोन्हीकडे खरा आहे. 2015 ते 2017 या काळात या शर्यतीत तीन खलाशांचा मृत्यू झाला, त्यांतले दोघे बोटीवरून समुद्रात गेले होते. डेकवर सुरक्षा दोर कधी अडकवायचा, याबद्दल वाद घालणाऱ्याने घरीच राहावं.

पहिल्यांदाच खुल्या समुद्रात जाणार असाल, घरची जबाबदारी असेल, तर माझं मत एका टप्प्याला. मात्र तो लांब घ्या: केपटाउन ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, किंवा पूर्व आशियातून अमेरिकेतल्या सिॲटलला जाणारा उत्तर पॅसिफिकचा. तिथे आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही, आणि रुळायला वेळ मिळतो. पूर्ण फेरी त्यांनी घ्यावी ज्यांना उत्तम खलाशी व्हायचं आहे आणि वर्षभर पगाराशिवाय घर चालवता येतं. दक्षिण महासागराची थंडी सोसवेल का, याची शंका असेल तर चौथी पायरी संपण्याआधीच प्रशिक्षकाशी मोकळेपणाने बोला.