दादरचं डेंटल एक्स-रे केंद्र: सेफ उत्तम, रिपोर्ट कच्चा

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं हे केंद्र. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरून येणं सोपं, त्यामुळे लॅटरल सेफ (सेफॅलोग्राम, म्हणजे दातांच्या उपचारासाठी बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे) काढून आणायला सांगितलेले पेशंट विरार-डोंबिवलीहूनही इथे येतात. फिल्म चांगली मिळते. तक्रार सोबतच्या ऑटो ट्रेसिंग रिपोर्टबद्दल (सॉफ्टवेअर फिल्मवर खुणा करून कोन मोजतं, त्याबद्दल) आहे, आणि ती गंभीर आहे: कवटीच्या तळाकडे न बघताच तो जबड्याचा निकाल देतो.

आधी चांगलं. कानातले, नथ, मंगळसूत्र, केसांच्या पिना, श्रवणयंत्र, सगळं आठवणीने काढायला लावतात. मागचे दात नेहमीसारखे मिटवायला आणि ओठ सैल सोडायला सांगतात. हे फार महत्त्वाचं. खालचा जबडा मागे असलेली मुलं सवयीने तो पुढे सरकवून चावतात आणि फिल्मवर दोष कमी दिसतो. यंत्र स्कॅन पद्धतीचं आहे, म्हणून काही सेकंद गिळायचं नाही, हेही आधी बजावतात. गिळलं तर हनुवटीची रेषा लाटेसारखी येते. डोकं स्थिर धरायला दोन्ही कानांत बसवतात त्या दांड्यांची वर्तुळं जवळपास एकावर एक पडतात, म्हणजे डोकं वळलेलं नाही. मानेचे मणके स्पष्ट दिसतात, त्यामुळे वाढीचा टप्पाही वाचता येतो.

आता रिपोर्ट. एसएनए (वरचा जबडा किती पुढे) 82, एसएनबी (खालचा किती पुढे) 80, एएनबी (दोघांतला फरक) 2 अंश, ही सरासरी ऑर्थोडॉन्टिस्टना पाठ असते. पण यातले पहिले दोन कोन सेला ते नेझियन या रेषेवरून मोजतात. सेला म्हणजे पिट्यूटरीच्या खोबणीचा मध्य, नेझियन म्हणजे कपाळाचं आणि नाकाचं हाड जुळतं ती जागा. म्हणजे मोजपट्टी कवटीच्या तळाचीच, आणि ती तिरकी असली तर हे दोन्ही कोन चुकतात. समजा एसएनए 76 आणि एसएनबी 74 आले. सॉफ्टवेअर सरळ छापतं: दोन्ही जबडे मागे. पण सेला-नेझियन रेषा फ्रँकफर्ट प्रतलाशी (पोरियन, म्हणजे कानाच्या नळीचं वरचं टोक, ते डोळ्याच्या खोबणीची खालची कड या रेषेशी) साधारण 7 अंशांचा कोन करते. तो 12 भरला तर मोजपट्टीच 5 अंशांनी तिरकी आहे. ते 5 मिळवले की आकडे 81 आणि 79 होतात, जबडे जागच्या जागी. इथल्या रिपोर्टात हा कोन छापलाच जात नाही. नेझियन पुढे असेल तर एएनबीही फसवा कमी येतो, म्हणून विट्स मोजमाप (दात मिटतात त्या प्रतलावर मोजलेलं दोन्ही जबड्यांतलं अंतर) सोबत हवंच. तेही नाही.

सेलाजवळचा कोन तर पूर्ण वगळलेला. नेझियन-सेला-आर्टिक्युलेर हा कोन सरासरी 123 अंश, 5 इकडे-तिकडे. आर्टिक्युलेर म्हणजे खालच्या जबड्याची मागची कड फिल्मवर कवटीच्या तळाला छेदते ती जागा. तो पसरट असला की सांध्याची खोबण मागे जाते आणि लांबीला पुरेसा असलेला खालचा जबडाही मागे बसतो. आखूड कोनात उलट, जबडा पुढे येण्याकडे कल. हा फक्त कल समजावा, कारण जबड्याची लांबी हा फरक अनेकदा भरून काढते. पण दोष जबड्याच्या लांबीत आहे की तो टेकतो त्या जागेत, हे कळल्याशिवाय उपचाराची दिशा ठरवणं धोक्याचं.

सर्वांत मोठी चूक पोरियनची. सॉफ्टवेअर कानाच्या दांडीच्या वर्तुळाचं वरचं टोक पोरियन धरतं. कानाची नळी मऊ असल्याने दांडी खाली-वर बसते, फ्रँकफर्ट प्रतल कलतं, आणि वर सांगितलेली तपासणीही वाया जाते. हाडातला खरा पोरियन खालच्या जबड्याच्या कॉन्डाइलच्या (सांध्यात बसणाऱ्या गोल टोकाच्या) माथ्याच्या साधारण पातळीवर, त्याच्या मागे शोधावा. तिथे कवटीचं दाट हाड असल्याने जागा धूसर दिसते. स्क्रीनवर उजळपणा बदलून पाहावं लागतं.

म्हणून इथे सेफ जरूर काढावा, पण डायकॉम फाइल (न दाबलेली मूळ प्रतिमा) मागून घ्यावी आणि ट्रेसिंग आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडून हाताने तपासून घ्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात ते चित्र दाबलेलं असतं, मिलिमीटरची मापं त्यावरून काढू नयेत. कपाळापाशी दिसणारी धातूची पट्टी फाइलमध्ये पूर्ण आली आहे का, ते काउंटरवरच बघावं. प्रतिमा किती मोठी झाली आहे ते तिच्यावरूनच ठरतं. हनुवटी एका बाजूला सरकलेली असेल तर मात्र लॅटरल सेफ पुरत नाही. त्यासाठी समोरून काढलेला पीए सेफ लागतो, तोही याच यंत्रावर निघतो.