गहू सोडायचा की आधी रक्त तपासायचं? हाशिमोटो असलेल्यांसाठी

थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडची गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) जागेवर आलाय, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. तरीही दुपारी तीनच्या सुमारास अंगातलं त्राण निघून जातं, कंगव्यात केसांचे पुंजके येतात, सकाळी बोटं आखडलेली असतात. हाशिमोटो, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी (प्रतिपिंडं) थायरॉइड ग्रंथीवर उलटण्याचा आजार, असलेल्या अनेकींची खरी अडचण इथे सुरू होते. (१९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी ज्या चार रुग्णांवरून हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, त्या चौघीही स्त्रियाच होत्या. आजही पुरुषांपेक्षा बायकांत तो कितीतरी जास्त दिसतो.) मग गोळीच्या जोडीला काय करता येईल याची विचारपूस सुरू होते आणि सल्ले येतात ते बहुतेक दोन. एक, गहू सोड. दुसरा, अंगात काय कमी आहे ते शोध आणि भरून काढ. मी दोन्ही केलंय, म्हणून हे लिहिते. गोळी सोडून काही करण्याचा विषय इथे नाही. ग्रंथीचा जो भाग निकामी झालाय तो कुठल्याच पथ्याने परत कामाला लागत नाही.

आणखी दोन वाटा आहेत, त्या आधी थोडक्यात सांगते. ‘ऑटोइम्यून प्रोटोकॉल’ नावाच्या आहारात धान्य, डाळी, दूध, अंडी, टोमॅटो, वांगं, बटाटा आणि मिरची एवढं सगळं बंद असतं. अमेरिकेतल्या १७ बायकांवरचा एक छोटा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा आठवड्यांनी बायकांना बरं वाटत होतं, पण थायरॉइडच्या आकड्यांत आणि अँटिबॉडीत म्हणावा असा फरक नव्हता. ज्या घरात कांदा-लसूण चटणीची बरणी ओट्यावरून हलत नाही, तिथे हे पथ्य टिकणं मला तरी अवघड वाटतं.

दुसरी वाट कांचनार गुग्गुळ आणि अश्वगंधेची. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे आणि चांगल्या वैद्यांच्या देखरेखीखाली कुणाला गुण येत असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक स्वतःच वाढू शकतं. टीएसएच उतरला तर तो गोळीने उतरला की चूर्णाने, हे मग सांगता येत नाही, आणि एखादीला छातीत धडधड सुरू होते. यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. घ्यायचीच असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही माहीत असू द्या.

आता गहू. कोल्हापुरात गहू सोडणं इतर शहरांइतकं जड नाही, हे मान्य करायला हवं. आपल्याकडे जोंधळ्याची भाकरी रोजची आहे, गगनबावड्याकडची नाचणी मिळते, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आहे. मिसळीबरोबरचा ब्रेड सोडला आणि चपातीच्या जागी भाकरी आली की निम्मं काम होतं. मला पहिल्या काही आठवड्यांत पोट हलकं वाटलं, जेवणानंतरची सुस्ती कमी झाली. हे मी नाकारत नाही. (बाजरीवर मात्र तिन्ही त्रिकाळ जाऊ नका. तिच्यातले काही घटक थायरॉइडच्या कामात आडवे येतात, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. थंडीत अधूनमधून खायला हरकत नाही.)

माझं मन फिरलं ते गिरणीत. गहू सोडण्याचा सल्ला देणारे सांगतात की तो शंभर टक्के सोडायचा, थोडाही पोटात गेला तर उपयोग नाही. आणि आमच्या गल्लीतल्या गिरणीत माझा जोंधळा गव्हावरच दळला जायचा. सकाळी लवकर गेले तरी आदल्या रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचंच असायचं. जात्यात अडकलेलं पीठ माझ्या डब्यात येतंय हे डोळ्यांना दिसायचं, पीठ मधूनच पिवळसर पडायचं. एकदा जोंधळ्यावर दळून द्या म्हणून थांबले तर मागे पाच डबे खोळंबले आणि गिरणीवाल्यांचाही नाइलाज होता. मग घरी हिंगाची डबी उलटून पाहिली, तर घटकांत गव्हाचं पीठ. बाजारातल्या बहुतेक कुटलेल्या हिंगात ते असतंच. म्हणजे आमटीच्या प्रत्येक फोडणीत गहू होता. खडा हिंग आणता येतो, घरगुती चक्की घेता येते, पण लग्नाकार्यातली आमटी, शेजारून आलेली वाटी, माहेरची भाजी, तिथे काय करणार? पथ्य नीट पाळलं जातंय की नाही हेच कळत नसेल, तर त्याचा गुण आला की नाही हे कशावरून ठरवायचं? मला त्रासापेक्षा या अनिश्चिततेचाच जास्त वैताग आला.

रक्तातल्या कमतरतेचं तसं नाही. तिथे निदान एक आकडा हातात असतो. फेरिटिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व या तीन चाचण्या मी धरून चालते. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, खाली असू शकतो. थकवा आणि केस गळणं हे दोन्ही त्यानेही होतं आणि आपण बोट थायरॉइडकडे दाखवत राहतो. शिवाय थायरॉइडचं संप्रेरक तयार करणाऱ्या, आपल्या अँटिबॉडी ज्याच्यावर उलटतात त्या टीपीओ विकरालाच (एन्झाइमलाच) लोह लागतं. हाशिमोटो असलेल्यांपैकी काहींमध्ये जठराच्या पेशींवरही असाच हल्ला होतो आणि मग लोह आणि बी-१२ दोन्ही नीट शोषले जात नाहीत. कितीही पालेभाजी खा, साठा वाढत नाही.

माझं फेरिटिन आणि बी-१२ दोन्ही तळाला होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढायला काही महिने गेले. फरक मी रंकाळा तलावावर मोजला. पूर्ण फेरी मारताना मध्ये कठड्यावर टेकावं लागायचं, ते बंद झालं. डी चं म्हणाल तर ६०,००० युनिटची पाकिटं डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यावीत, मनाने वर्षानुवर्षं घेत राहू नये.

या वाटेलाही कटकट आहे, ती वेळेची. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेवावं लागतं, चहाबरोबर लोह घेतलं तर निम्मं वाया जातं, आणि पोट साफ न होण्याची तक्रार पहिले काही दिवस राहते. पण ही कटकट घड्याळ बघून सांभाळता येते. मी लोह संध्याकाळी लिंबू-पाण्याबरोबर घेते आणि कट्ट्यावर मिळणारं ताजं दूध रात्रीवर ढकललंय.

सेलेनियमबद्दल हमखास विचारलं जातं. २००२ साली जर्मनीत झालेल्या अभ्यासात रोज २०० मायक्रोग्रॅमने टीपीओ अँटिबॉडी उतरल्या, हे खरं. पण अँटिबॉडी उतरल्या म्हणून बाईला बरं वाटतंच किंवा गोळीचा डोस कमी होतोच, असं ठामपणे दिसलेलं नाही. जास्त झालं तर उलट केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात. खाणाऱ्या घरात अंडी, मासे, मटण यांतून ते मिळतंच, आणि मटणातलं लोहही चांगलं अंगी लागतं. तांबड्या रश्श्याला एवढा आधार मला पुरेसा वाटतो. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्यांपासून मात्र लांब राहा. जास्तीच्या आयोडीनने हाशिमोटो भडकू शकतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि गव्हाने खरोखर त्रास होणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सीलिअॅक हा गव्हाने आतड्याला इजा होण्याचा आजार हाशिमोटो असलेल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतो. सतत जुलाब, पोट फुगणं, किंवा गोळ्या घेऊनही लोह न वाढणं असं काही असेल तर टीटीजी-आयजीए ही चाचणी करून घ्या. ती गहू रोजच्यासारखा खाण्यात असतानाच करायची असते. आधी गहू सोडला आणि मग रक्त दिलं तर आजार असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते. चाचणीत सीलिअॅक निघाला, तर गिरणी आणि हिंगासकट सगळं सांभाळण्यावाचून पर्याय नाही; तिथे घरगुती चक्कीवर खर्च करायला मी कुणालाही सांगेन.