बीटचा रस रोज, काही महिने: बीपी किती उतरतं, कुणाचं उतरत नाही आणि रस वाया कुठे जातो

साठी ओलांडलेली, वजन जास्त असलेली आणि बीपी काठावर किंवा थोडं वर असलेली माणसं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. काही महिन्यांच्या नियमित वापरानंतरचं मत आधीच सांगतो. वरचं बीपी साधारण 4 ते 7 अंकांनी उतरू शकतं. त्यासाठी मात्रा पुरेशी हवी आणि तोंडातले जिवाणू शाबूत हवेत. खालच्या आकड्यात फरक त्याहून कमी पडतो. रस बंद केला की आठवडाभरात आकडा मूळ जागी येतो. कोलेस्टेरॉल किंवा वजन यासाठी रस घेत असाल तर घेऊ नका. आणि 'बीटानं रक्त वाढतं' हा समज रंगावरून पसरलाय. 100 ग्रॅम बीटात लोह जेमतेम 0.8 मिलीग्रॅम असतं.

बीपीवर काम करतो तो मुख्यतः नायट्रेट, म्हणजे बीटात मुळातच असलेला एक क्षार, आणि त्याचा मार्ग विचित्र आहे. रसातला नायट्रेट आधी रक्तात जातो. त्यातला चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात आणि लाळेवाटे पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ती लाळ गिळल्यावर पोटात आणि रक्तात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. उरलेला बहुतेक नायट्रेट लघवीतून निघून जातो. 2008 साली लंडनमधल्या संशोधकांनी निरोगी लोकांना अर्धा लिटर रस दिला तेव्हा तीनेक तासांत वरचं बीपी सुमारे 10 अंकांनी उतरलं. ज्यांना रसानंतर लाळ थुंकून टाकायला सांगितलं, त्यांचं मात्र उतरलं नाही. म्हणजे सगळा खेळ तोंडात आहे.

म्हणूनच 'रस घेऊन काहीच फरक नाही' अशी तक्रार आली की पहिला प्रश्न माउथवॉशचा. क्लोरहेक्सिडीनसारखं जंतुनाशक असलेला माउथवॉश रोज वापरला तर हे जिवाणू मरतात आणि महिनाभराचा रस नुसतं गोड पाणी ठरतो. 2013 च्या एका प्रयोगात निरोगी लोकांनी आठवडाभर असा माउथवॉश वापरला, तर रस वगैरे काही नसतानाही त्यांचं बीपी 2 ते 3.5 अंकांनी वाढलं. हिरड्यांच्या उपचारासाठी दंतवैद्यांनी दिला असेल तर तो कोर्स पुरा करा, रस नंतर सुरू करा. साध्या पाण्यानं चूळ भरायला हरकत नाही. दुसरा संशयित अ‍ॅसिडिटीची गोळी. एसोमेप्राझोल ही अशीच एक गोळी दिल्यावर नायट्राइटचा बीपी उतरवणारा परिणाम नाहीसा झाल्याचं 2017 मध्ये दिसलं आहे, कारण नायट्राइटपासून पुढची रसायनं बनायला पोटातलं आम्ल लागतं. ज्येष्ठांमध्ये या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात आणि रसाशी त्यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. रसासाठी गोळी स्वतःहून बंद करू नका. अपेक्षा तेवढी कमी ठेवा. धूम्रपानानंही नुकसान होतं: धुरामुळे शरीरात वाढणारं थायोसायनेट लाळग्रंथीत नायट्रेटची जागा अडवतं.

आता मात्रा. बीपीच्या चाचण्यांत वापरलेली मात्रा रोज 300 ते 500 मिलीग्रॅम नायट्रेटच्या आसपास आहे. 2015 मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर चार आठवड्यांची एक नीट आखलेली चाचणी झाली, त्यात रोज 250 मिली रस म्हणजे सुमारे 400 मिलीग्रॅम नायट्रेट होता आणि दवाखान्यात मोजलेलं वरचं बीपी 7.7 अंकांनी उतरलं. तुलनेसाठी दिलेल्या रसातून फक्त नायट्रेट काढून टाकला होता, रंग-चव तीच. यातून घ्यायचा धडा असा की गडद रंग म्हणजे दमदार रस नव्हे. नायट्रेटला रंग नसतो. बाटलीवर मिलीग्रॅम किंवा मिलीमोल छापलेलं नसेल तर ती बाटली चवीसाठी घ्या, बीपीसाठी नको. मिलीमोलचा आकडा असेल तर 62 नं गुणा, मिलीग्रॅम मिळतात.

पावडर-कॅप्सूलचा हिशोब तर हास्यास्पद आहे. 500 मिलीग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये नायट्रेट 2 टक्के धरला तरी एका कॅप्सूलमध्ये 10 मिलीग्रॅम भरतो. पूर्ण मात्रेसाठी चाळीस कॅप्सूल.

घरी रस काढत असाल तर 250 मिलीसाठी 450 ते 500 ग्रॅम बीट लागतं, ज्यूसर चांगला असेल तर थोडं कमी. बीट टणक, मुठीएवढं घ्या. फार मोठं बीट आतून जून आणि धागेदार निघतं. साल घासून धुतली तर मातकट वास बराच कमी होतो, सोलली तर आणखी. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, लिंबू पिळलं की तो दबतो. मिक्सर वापरणार असाल तर बारीक फोडी, 250 ग्रॅमला 100 मिली पाणी, एक मिनिट फिरवून सुती कापडातून पिळा. मिक्सरच्या रसात पाणी असतं हे विसरून 250 मिलीच प्यायलात तर मात्रा कमी पडते. पाणी किती घातलं ते धरून मोजा. बीट उकडून रस काढू नका, कारण नायट्रेट पाण्यात उतरतो आणि आपण तेच पाणी फेकतो.

घरच्या रसाची खरी अडचण वेगळीच आहे. जमीन, खत, ऊन, हंगाम यांनुसार बीटातला नायट्रेट दुप्पट-तिप्पट बदलतो, आणि पाहून ते कळत नाही. लाळ तपासायच्या नायट्राइट पट्ट्या मिळतात. रसानंतर दोन-अडीच तासांनी जिभेवरची लाळ लावली की पट्टी गुलाबी होते. अचूक आकडा मिळत नाही, पण फिकी पट्टी सलग दिसली तर बीट किंवा तोंड यांपैकी एक कमी पडतंय एवढं कळतं. ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी नायट्रेटचा आकडा छापलेला 70 मिलीचा दाट रस सोयीचा, फक्त तो फार गोड असतो आणि घशाला थोडा खवखवतो. मागून पाणी प्या.

काढलेला रस बाहेर ठेवू नका. खोलीच्या तापमानाला त्यातलेच जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करायला लागतात आणि ते बाटलीत साचतं. म्हणून लगेच प्या, नाहीतर काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवून 24 तासांत संपवा. आठवड्याचा एकदम काढायचा असेल तर मात्रेनुसार कप भरून गोठवा. रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये काढलेला कप सकाळी तयार असतो. उरलेला रस तान्ह्या बाळाला चमचाभरही नको: नायट्राइटमुळे सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. ज्यूसरची जाळी मात्र त्याच मिनिटाला धुवा. चोथा वाळला की ब्रशही हार मानतो.

बीपी मोजण्यातल्या चुका रसाच्या परिणामाहून मोठ्या असतात, म्हणून इथे थोडं थांबतो. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा खोटा वर दाखवतो. दंडाच्या मधोमध टेपनं घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटीमीटरसाठी असतो. त्यापुढे मोठा पट्टा हवाच. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, लघवी करून आलेले, पाच मिनिटं शांत बसलेले. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. एका मिनिटाच्या अंतरानं दोन आकडे घ्या, सकाळी आणि संध्याकाळी. रस सुरू करण्याआधी असा एक आठवडा मोजा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. त्याशिवाय नंतर कशाशी तुलना करणार? रसाचा जोर दोन-तीन तासांनी सर्वाधिक असतो, त्यामुळे फक्त त्या वेळी मोजणारे स्वतःला फसवतात. सकाळचं मोजमाप रस पिण्याआधीच करा.

जास्त वजनाच्या ज्येष्ठांवरच केलेला 2014 चा अभ्यास याच मुद्द्यावर बोट ठेवतो. तीन आठवडे रोज 70 मिली दाट रस दिल्यावर घरी मोजलेलं वरचं बीपी सुमारे 7 अंकांनी उतरलं, पण 24 तास पट्टा बांधून घेतलेल्या नोंदीत फरक दिसला नाही. 2013 मध्ये टाइप 2 मधुमेहींना दोन आठवडे 250 मिली रस देऊन बीपी हललं नाही. आधीच गोळ्या चालू असलेल्यांवरच्या 2015 च्या एका अभ्यासातही तेच. रस वाईट आहे असं यातून निघत नाही. मधुमेह आणि औषधं दोन्ही असतील तर आशा कमी ठेवा, इतकंच.

वजनाचा हिशोब अनेक जण करतच नाहीत. 250 मिली रसात सुमारे 100 कॅलरी आणि 20 ग्रॅम साखर येते, चोथ्यातला तंतू मात्र आपण गाळून टाकलेला असतो. हा रस रोजच्या खाण्यावर वरून घेतला तर महिन्याला 3000 कॅलरी वाढल्या, म्हणजे सरळ हिशोबानं पाऊण नाही तरी पाव किलोहून जास्त चरबी. साधारण एक किलो वजन घटलं की वरचं बीपी एक अंक उतरतं, तेव्हा उलटा सौदा नको. दुसरं एखादं गोड पेय बंद करून त्या जागी रस घ्या. सफरचंद किंवा गाजर घालून चव 'सुधारू' नका.

सुरुवात 100 मिलीनं करा. पहिल्याच दिवशी पूर्ण ग्लास घेतला तर पोटात कळ येऊन जुलाब होऊ शकतात. लघवी गुलाबी आणि शौच लाल होणं निरुपद्रवी आहे. रस थांबवून दोन दिवसांनीही लाल दिसलं तर ते रक्त असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

ऑक्झलेटचे मुतखडे होत असतील त्यांनी हा उपाय सोडावा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम तपासल्याशिवाय सुरू करू नये; एका ग्लासात 600 मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेट गोळ्या, लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन यांच्यासोबत उभं राहताना चक्कर येऊ शकते. अशांनी बसून आणि उभं राहून तीन मिनिटांत, दोन्ही वेळा मोजावं. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर रस थांबवा, कारण त्या वयात पडून मांडीचं हाड मोडण्याची किंमत बीपीच्या सात अंकांहून फार मोठी आहे. आणि रसाच्या जोरावर बीपीची गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच, आपण नाही.

पूर्ण मात्रेनं चार आठवडे घेऊन सरासरी 3 अंकांनीही हलली नाही आणि माउथवॉश-अ‍ॅसिडिटीचं कारणही नसेल, तर पुढे रेटण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पालेभाज्या वाढवा. डेन्मार्कमधल्या 50,000 हून अधिक लोकांच्या दीर्घ पाहणीत (2021) भाज्यांतून रोज 60 मिलीग्रॅमच्या आसपास नायट्रेट घेणाऱ्यांना हृदयविकार कमी झालेला आढळला, आणि त्यापुढे प्रमाण वाढवून फायदा वाढला नाही. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण एवढा नायट्रेट एका वाटी पालेभाजीतून मिळतो, तंतूसकट, साखरेशिवाय, आणि जाळी घासावी लागत नाही.