शिरोड्याचं खडे मीठ: कैऱ्या खारवायला एक नंबर, पण पिशवी बदला राव

वेंगुर्ल्याहून रेडीकडे जाताना शिरोडा लागतं, तिथल्या मिठागरांचं मीठ बाजारात सुटं मिळतं. हो तेच शिरोडा, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला ते. मी पाच किलो घेतलं, मे महिन्यात, कैऱ्या आणि फणसाचे गरे खारवायला.

खडा मोठा आणि टणक आहे, रंग किंचित करडा. आगरात पाणी उन्हात सावकाश आटतं म्हणून खडा मोठा धरतो, घाईत आटवलं तर बारीक पडतो. मोठा खडा विरघळायला वेळ लावतो एवढंच, शेवटी मुरतं तेवढंच. पाण्यात टाकलं की आधी गढूळ दिसतं, तासाभराने तळाला मातीचा पातळ थर बसतो, वरचं पाणी स्वच्छ. मातीचं काय, फडक्याने गाळली की संपली, पण कडवटपणा गाळून जात नाही कारण तो मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो आणि ते पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात. त्याला उपाय आहे: थोडं मीठ विरघळवून पाणी पूर्ण खारट करून घ्या, इतकं की तळाला खडे उरले पाहिजेत, आणि त्या पाण्याने बाकीचं मीठ धुवा. पाणी मिठाने आधीच भरलेलं म्हणून खडे विरघळत नाहीत, मॅग्नेशियम मात्र निघून जातं. मिठाच्या कारखान्यातही असंच धुतात. मी धुतलं, चवीत फरक पडला, खरंच.

आता आमच्याकडे सगळ्या काकू पाणी उकळून मीठ टाकतात, म्हणे जास्त मुरतं. तसं काही नाही हो! 100 मिली पाण्यात साध्या तापमानाला साधारण 36 ग्रॅम मीठ मावतं आणि उकळत्यात 39 च्या आसपास, म्हणजे गॅस जाळून तीन ग्रॅमची कमाई. साखरेचं वेगळं, ती गार पाण्यात 200 ग्रॅमच्या आसपास आणि उकळत्यात दुपटीहून जास्त मावते म्हणून पाक गरमच करायचा. पाणी उकळा जरूर, पण जंतू मरावेत म्हणून, आणि गार करूनच कैऱ्यांवर ओता.

एवढं खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा जवळजवळ 20 टक्के जड होतं, मग कैऱ्या वर तरंगतात आणि उघड्या राहिलेल्या भागाला बुरशी धरते. वर वजन ठेवाच. काळा गुळगुळीत दगड चालतो, जांभ्याचा तुकडा अजिबात नको, तो सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि लाल माती सोडतो. बरणी चिनीमातीची किंवा काचेची, ॲल्युमिनियमचं झाकणसुद्धा नको.

कैऱ्या मस्त राहिल्या, कडक, हिरवटपणा टिकून. पूर्ण गुण.

तक्रार पिशवीची. दुकानदाराने पातळ प्लास्टिकमध्ये बांधून दिलं, जून लागला आणि खालून पाणी गळायला लागलं, फडताळाची फळी फुगली. हवा साधारण 75 टक्के दमट असली की शुद्ध मीठ पाणी ओढायला लागतं, मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांतच सुरू, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा सर्रास 85 च्या वर! दोष मिठाचा नाही, पण किनाऱ्यावर धंदा करणाऱ्याला हे कळायला नको? जाड पिशवीचे दोन रुपये जास्त घ्या, देऊ आम्ही. घरी आणलं की लगेच कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, जे मीठ आधीच ओलं झालंय ते आगळात (कोकमाच्या खारट रसात) आणि आमसुलांना रसाचं पुट देताना वापरून टाका, तिथे ओलं असलं तरी काही बिघडत नाही.

आणि रोजच्या जेवणात हे वापरू नका, यात आयोडीन घातलेलं नसतं, त्यासाठी पॅकेटचंच बरं. पाचात चार स्टार, एक पिशवीपायी कापला. पुढच्या वर्षी मेमध्येच घेणार, स्वतःचा डबा घेऊन जाणार.